मुनीरने बुजवलेलं भोक

मुनीर ठेकेदाराला रांग म्हणजे काय ते कळत नाही. उद्या पहिला रोजा, खजुराच्या दुकानापुढे आम्ही बायका तासभर ताटकळतोय, आणि हा सरळ पुढे घुसून दुकानदार लियाकतला फुशारक्या सांगतोय.

"भोपाळच्या पुरातत्त्व खात्यातल्या साहेबांनी किल्ल्यावरची तोफ माझ्याच हाती सोपवली, लियाकतभाई. गंज खरवडला, तेल पाजलं, चाकं नवी बसवली."

"उद्या संध्याकाळी उडेल ना? अख्खं गाव तिच्या आवाजावर रोजा सोडतं."

"अहो, भिंती हादरतील. नळीवर मागच्या अंगाला बोटाएवढं भोक पडलं होतं. इतकी वर्षं कुणाचं लक्षच नाही."

"मग?"

"शिसं वितळवून ओतलं, कानशीने घासून सपाट केलं. आता शंभर वर्षं आत पाण्याचा थेंब जायचा नाही."

लियाकतने माझ्याकडे बोट केलं. "या खालांना सांगा की. यांच्याच घरचे तोफ उडवतात."

"सलाम, खाला. काम पाहिलंत?"

"ऐकलं, बेटा. माझ्या सासऱ्यापासून लेकापर्यंत सगळ्यांनी त्याच भोकातून बत्ती दिलीय. उद्या सूर्य बुडाला की तूच बुरुजावर चढ, आणि गावाला ऐकू जाईल असा 'धडाम' म्हणून ओरड."