उताऱ्यात दिलेलं नाही

...आणि पुन्हा चूक! अहो, मधमाश्यांना डोंगर आवडतो की नाही, एवढाच प्रश्न. बरोबर लिहायचं, चूक लिहायचं, नाहीतर ‘उताऱ्यात दिलेलं नाही’ म्हणून लिहायचं. मी लिहिलं बरोबर. माझ्या मामाच्या मधमाश्या डोंगरातच होत्या, मजेत होत्या, मामालाच तेवढ्या चावायच्या! तर आमची इंग्रजीची बाई, यारेत्सी, माझ्या लेकीच्या वयाची, म्हणजे लेक असती तर... ती कपाळाला हात लावून म्हणते, “ओब्दुलियाताई, मामा उताऱ्यात आहे का? नाही ना? मग लिहा, उताऱ्यात दिलेलं नाही.”

आता तुम्हाला सांगते, आमच्या वामान्त्ला गावच्या माणसाला हे जमायचं कसं? आमच्याकडे कुणी काही विचारलं, की ‘माहीत नाही’ म्हणत नाहीत. दारात आलेल्या माणसाला असं कोरडं तोंड दाखवायचं? रस्ता ठाऊक असो नसो, सांगायचा. आमचे बाबा तर काय... एकदा लग्नाचा बँड वाट चुकला. ट्रम्पेटवाल्यानं विचारलं, चर्च कुठे? बाबांना कळलंसुद्धा नाही तो कुठलं चर्च म्हणतोय, पण छाती पुढे काढून म्हणाले, “सरळ जा, चौकातून उजवीकडे.” गेला सगळा बँड स्मशानात! परत आले, तर बाबांनी त्यांना थंडगार पाणी पाजलं आणि पुन्हा तेवढ्याच प्रेमानं दुसऱ्या दिशेला धाडलं. जाताना ते धन्यवाद म्हणून गेले. ही आमची रीत, आणि ह्या परीक्षेत माझे मार्क जातात ते नेमके तिथेच.

तुम्ही म्हणाल, या वयात हिला परीक्षा कशाला हवी? अहो, मी नर्स. नवरा कॅनडात, हॅलिफॅक्सला, मासळीच्या कारखान्यात. तिथल्या एका वृद्धाश्रमात मला नोकरी द्यायला तयार आहेत. ऐकण्यात पास, बोलण्यात पास, लिहिण्यात रडतखडत पास. वाचनात मेलं घोडं अडलंय. ते सुटलं तर मी कासिमिरोकडे, नाही सुटलं तर मी आणि हा फ्रिज. त्यालाच उतारे वाचून दाखवते मी. वाळवंटातले उंट, काचेचा इतिहास, सगळं ऐकून घेतो बिचारा, मधेच घुर्र करतो.

सकाळी तमालवाली बाई येते ना, मक्याच्या पानात उकडलेले पिठाचे गोळे विकणारी, ती अजून सवयीनं दोन तमाल बांधते. मीही घेते. एकच दे म्हणायला जीभ रेटत नाही. दुसरा संध्याकाळी गार खाते, कासिमिरोच्या खुर्चीत बसून, म्हणजे माझी खुर्ची तरी समोर दिसते. एकटं वाटतं हो. फार वाटतं.

पण मी हटले नाही. यारेत्सी सांगायची, “ताई, मनाचं काही घालायचं नाही. लिहिलंय तेवढंच वाचायचं.” घोकलं, घोकलं, आणि लागली की सवय! मग मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. शेजारच्या त्रान्सितोआजी म्हणतात, “येईल गं पोरी तुझा नवरा, नाताळला नक्की.” मी मनात म्हणते, उताऱ्यात दिलेलं नाही. डॉक्टर पेशंटला म्हणतात, आठवड्यात पळायला लागाल. उताऱ्यात दिलेलं नाही! शेवटच्या सरावात एकही चूक नाही. यारेत्सीनं टाळ्या वाजवल्या.

रविवारी कासिमिरोचा फोन. हल्ली आखूडच असतो. मी म्हटलं, “अरे, सरावात सगळी उत्तरं बरोबर आली.”

“अरे वा.”

“मग मी आले तर... आवडेल ना तुला?”

“हो, ये की. का नाही? ये, ये. थंडी फार आहे इथे. बरं, ठेवतो.”

आता यात वाईट काय आहे, सांगा. ये म्हणाला. तीनदा म्हणाला. पण तो आवाज... तुम्हाला सांगते, तो आवाज मी ओळखते. अगदी बाबांचा. सरळ जा, चौकातून उजवीकडे. हाही वामान्त्लाचाच ना! मी कागद घेतला, लिहिलं, ‘कासिमिरो माझी वाट बघतोय.’ बरोबर, चूक, की...? पेन तसंच हातात राहिलं. शिकले नसते तर बरं झालं असतं. नुसतं ‘बरोबर’ लिहून मोकळी झाले असते.

तरी आज परीक्षेला निघालेच. प्वेब्ला शहरात बसमधून उतरले, केंद्र काही सापडेना, फोनची बॅटरी मेलेली. फुगेवाल्याला विचारलं, “दादा, परीक्षा केंद्र कुठे?” त्यानं एकदा आभाळाकडे बघितलं, एकदा फुग्यांकडे, आणि हसून म्हणाला, “हे काय बाई, सरळ जा, चौकातून उजवीकडे.”

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. उताऱ्यात दिलेलं नव्हतं. स्वच्छ दिसत होतं.

धन्यवाद म्हटलं आणि लागले चालायला सरळ. आता तुम्ही म्हणाल, कळत होतं तर गेलीस कशाला? अहो, मग काय तिथेच उभी राहू? इतक्या प्रेमानं सांगितलं माणसानं.