बाकावरची मडम

चहा ओता, तोवर माझ्या चित्रकलेचं सांगतो. मिल बंद पडल्यावर तिथले कापडाचे डिझाइनर कुलकर्णी घरीच ऑइल पेंटिंग शिकवू लागले आणि मी, पीएचडी झालेला रिटायर्ड प्रोफेसर, त्यांचा विद्यार्थी झालो. नक्कल करायची होती एका विलायती बागेच्या चित्राची. बाकावर साहेब पेपर वाचतोय, शेजारी मडम हसतेय. झाडं जमली, साहेबही जमला. मडमेचं हसू मात्र मला रोज चुकल्यासारखं वाटे आणि ऑइल लवकर वाळत नसल्यामुळे मी ते रोज टर्पेंटाइनने पुसत असे. शेवटी कुलकर्णींनी टर्पेंटाइनची बाटलीच काढून घेतली.

"बस करो, प्रोफेसरजी! आता आहे तसं घरी न्या."

नेलं. बायकोला आवडलं नाही तर क्लास सोडायचा, असं ठरवूनच. ती बराच वेळ बघत राहिली.

"ही रुसलीय."

"हसतेय गं. म्हणजे, हसायला हवी होती."

"चांगलीच रुसलीय. आणि हा पेपरात डोकं घालून बसलाय, याला पत्ताच नाही."

मी चित्र भिंतीकडे वळवू लागलो, तर तिने हात धरला.

"अहो, हॉलमध्ये लावा. आपल्या दोघांचा इतका चांगला फोटो आजवर कुणी काढला नव्हता."