सात पुस्तकं आणि उपाशी पैलवान

आता तुम्हीच सांगा, माणसानं भरवसा ठेवावा तरी कुणावर? डॉक्टरवर ठेवावा, शेजाऱ्यावर ठेवावा, का छापील कागदावर? तुम्ही कुत्र्याचं पिल्लू आणताय, चांगली गोष्ट आहे, आणा की. आणि मला विचारताय, काकासाहेब, तुमच्याकडं जनावरांची लई पुस्तकं आहेत म्हणे, त्यातलं कोणतं वाचू? अहो, कोणतं वाचू काय विचारता! सातच्या सात वाचलीत मी. चष्म्याचा नंबर वाढला. कुत्रा मात्र तिथंच, फाटकाकडं तोंड करून, उपाशी!

तसा मी शिकलेला नाही. सातवीत शाळा सुटली अन् जुन्या मोंढ्याच्या बाजारात दुकानाच्या फळीवर बसलो ते आजतागायत. दोर, दावी, घुंगरं, वाघरी… वाघर म्हणजे मेंढरांभोवती रात्री लावायची जाळी, घाबरू नका. पण वाचायचा नाद पहिल्यापासून. घुंगरं ज्या कागदात बांधून यायची तो कागद मी आधी वाचायचो, मग फेकायचो. कुठल्या गावच्या निवडणुकीचा अर्धा निकाल, कुणाच्या लग्नाची अर्धी बातमी. नवरदेव कोण ते कळायचं, नवरी फाटलेल्या बाजूला! त्यामुळं पूर्ण पुस्तक हातात आलं की मला भरूनच येतं. एवढं सगळं, सलग, अन् पुठ्ठ्यासकट! मग ते खोटं कसं असेल? पुस्तकात लिहिलंय म्हटल्यावर लिहिलंय!

तर पैलवान. पैलवान हे आमच्या कुत्र्याचं नाव. नावावर जाऊ नका, बरगड्या मोजून घ्या. पिशोरचा मुंजाबा धनगर आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या मेंढरांमागं हा कुत्रा होता, मोटारसायकलखाली पुढचा पाय गेला, लंगडा झाला, कळपामागं चालवेना. दिवाळीच्या आधी मुंजाबा दुकानात आला अन् म्हणाला, "काकासाहेब, तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. खातो थोडं, भुकतो कामापुरतं." मी नाहीच म्हणणार होतो, पण आमचा सत्यम, माझा थोरला, त्यानं कुत्रा उचलला, गाडीवर पुढं बसवला अन् हर्सूलला घरी घेऊन गेला सुद्धा. मला विचारलं? नाही. ह्या पोरानं मला कधी काय विचारलंय!

सहा महिने कुत्रा मजेत. दोन भाकरी, वाटीभर दूध, गडप. अन् मे महिन्यात एक दिवस अर्धीच भाकर खाल्ली. आम्ही म्हटलं उन्हाळा आहे. आठवड्यानं चतकोर. मग चतकोरही नाही, नुसतं पाणी. भाकर पुढं ठेवली की हुंगायचा, आमच्याकडं बघायचा, अन् लंगडत फाटकाशी जाऊन बसायचा. डॉक्टरकडं नेला. डॉक्टरनं दात बघितले, पोट दाबलं, शेपटी उचलून नको ते बघितलं अन् म्हणाले, "याला काही झालेलं नाही." अहो, काही झालेलं नाही तर जेवत का नाही? "मनात काहीतरी असेल," म्हणाले, "पण आणखी आठ दिवस असाच राहिला तर मग मात्र अवघड आहे." झालं! मेंढरं राखलेलं जनावर, त्याच्या मनात काय ते मी कुठून शोधू?

मग आमची श्रेया पुढं झाली. श्रेया म्हणजे धाकटी, कॉलेजात आहे, सगळं जग तिच्या मोबाइलमध्ये. "पप्पा, ही बघा यादी. कुत्रा पाळणाऱ्यांनी वाचलीच पाहिजेत अशी सात पुस्तकं." म्हटलं मागव. सातच्या सात मागव!

पहिलं लाल पुठ्ठ्याचं. त्यात लिहिलंय, घरचा मालक कोण हे कुत्र्याला कळलं पाहिजे. आधी मालकानं त्याच्यासमोर जेवायचं, पोटभर, सावकाश, त्याच्याकडं न बघता. मग त्याला द्यायचं. आता पुस्तकात लिहिलंय म्हटल्यावर! बसलो त्याच्यासमोर ताट घेऊन. दोन भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा, कांदा. अहो, उपाशी जनावर समोर अन् मी सावकाश चावतोय. तिसऱ्या घासाला असा ठसका लागला, असा ठसका लागला की कुत्राच उठून माझ्याजवळ आला, बघायला, की मालक आहे का गेला!

दुसरं निळं, कुण्या शहरातल्या बाईंनी लिहिलेलं. त्यांचं म्हणणं, मालक-बिलक काही नाही, कुत्रा तुमचं लेकरू आहे, त्याच्याशी रोज पंधरा मिनिटं गोड बोला. मी बसलो ओट्यावर, म्हटलं, "काय रे बाळा, काय झालं रे माझ्या राजाला, कुणावर रुसला रे?" आतून आमच्या आशाबाईंचा आवाज आला. आशाबाई म्हणजे आमचं घरचं सरकार. "व्हय व्हय, बोला. पोटच्या पोराशी दोन शब्द गोड बोलता आले नाहीत, आता कुत्र्याशी बोला!"

आता बघा, ह्या बाईला कुठला विषय कुठं आणायचा… जाऊ द्या. ते नंतर.

तिसरं परदेशातलं, मराठीत आणलेलं. त्यात लिहिलंय, कुत्र्याला बर्फातून फिरवून आणल्यावर त्याचे पंजे नीट कोरडे करा. बर्फ! हर्सूलला मे महिन्यात! इथं गच्चीवर पापड टाकला तर तो तळून निघतो! पुढं लिहिलंय, कोमट पाण्याच्या टबात बसवा. नळ आमच्याकडं आठवड्यातून एकदा, तोही पहाटे, बादल्या रांगेनं मांडलेल्या, त्यात ह्या पैलवानाला टबात बसवू? अन् खायला काय द्या म्हणतोय, तर समुद्रातला अमुक मासा, हलकासा वाफवून. अहो, आमच्या घरात अंडंसुद्धा गच्चीवरच्या वेगळ्या चुलीवर शिजतं! पण पुस्तकात लिहिलंय ना! श्रेयानं कुठून तरी डबाबंद मासा आणला, आशाबाई नाकाला पदर लावून तीन तास शेजारी जाऊन बसल्या, अन् पैलवानानं तो मासा हुंगला, शिंकला, अन् गेला फाटकाशी.

चौथं रोगांचं, जाडजूड. ते वाचून कुत्र्याला एकही रोग सापडला नाही, मला तीन निघाले.

पाचवं अन् सहावं सांगत नाही, एकात शिट्टी वाजवायची होती अन् दुसऱ्यात निम्म्या जाहिराती. सातवं मात्र सांगतो. माणूस अन् जनावर यांच्या नात्यावरचं आहे. त्यात लिहिलंय, जनावराला समजून घ्यायचं तर त्याच्या उंचीवर या, जमिनीवर त्याच्याशेजारी आडवं व्हा अन् तो बघतो तिकडं बघा. मी झालो आडवा! फाटकाशी, फरशीवर, धोतर सावरून, पैलवानाच्या बाजूला, दोघं रस्त्याकडं बघतोय. तेवढ्यात समोरचे तात्यासाहेब दूध घेऊन चाललेले. थांबले. "काकासाहेब, पाय घसरला का?" म्हटलं, "नाही, नातं बघतोय." "वहिनींना हाक मारू का?" म्हटलं, "मारू नका, त्यांनीच पाडलंय म्हणाल!"

तर असे सात दिवस गेले. कुत्र्याचं कातडं हाडाला टेकलं. श्रेया कॉलेजातून आली की आधी फाटकावरूनच विचारायची, "खाल्लं?" तर आशाबाई अन् मी दोन दिशांना बघायचो. अन् एक दिवस मुंजाबा दुकानात आला, वाघरीला दोर न्यायला.

"काकासाहेब, पैलवान कसा हाय?"

म्हटलं, "मरायला टेकलाय बाबा. खात नाही. सात पुस्तकं वाचली."

मुंजाबानं दोर वितीनं मोजता मोजता विचारलं, "घरात कोन कमी हाय?"

"म्हणजे?"

"म्हंजे मानूस. आदी जेवडी व्हती तेवडी हायत का?"

अहो, ह्या माणसाला काय सांगायचं? आमचा सत्यम महिन्यापूर्वी पुण्याला गेला, नोकरीला. मी म्हणत होतो दुकान सांभाळ, तो म्हणत होता पप्पा, घुंगरं विकून आयुष्य काढायचं नाही मला. शब्दानं शब्द वाढला अन् मी म्हणालो, जायचं तर जा, पुन्हा तोंड दाखवू नको. अन् तो पहाटे गेला. कुणाला न उठवता. कुत्रा त्या दिवशी गच्चीवर बांधलेला. तेव्हापासून आमच्या दोघांचा फोन नाही. आशाबाई बोलायच्या त्याच्याशी, स्वयंपाकघरात, कुकरच्या आवाजात. मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटायचं, मीही तसं वाटू द्यायचो.

मुंजाबा म्हणाला, "त्यो मोजतो, काकासाहेब. समदी मेंढरं वाघरीत आल्याबिगर त्यो घास घ्यायचा नाय. तुमच्याकडं मेंढरं नाय, मंग तुमालाच मोजीत आसंल."

अन् मला आठवलं. रोज संध्याकाळी हा फाटकाशी बसायचा. श्रेया आली की हुंगायचा. आशाबाई भाजी घेऊन आल्या की हुंगायचा. मी आलो, हुंगायचा. सत्यम आला की मग उठायचा अन् ताटलीकडं जायचा. आम्ही म्हणायचो, काय शिस्त आहे बघा जनावराला! शिस्त कसली, आम्ही त्याची मेंढरं होतो!

म्हटलं, "मग तू मेंढरू विकतोस तेव्हा?"

"तवा त्याला संगं घेतो की! टेम्पोपतूर नेतो. त्या मेंढराला हुंगू देतो. टेम्पो गेला की त्येला कळतं, ह्ये गेलं. मंग येऊन खातो. पर चोरीला गेलं, नायतर लांडग्यानं नेलं, तर दिस-दिस तोंड लावत नाय. हुडकीत बसतो." अन् माझ्याकडं बघून म्हणतो कसा, "तुमी काय, पोराला चोरीला गेल्यावानी धाडलं व्हय?"

मी म्हटलं, "हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?" तर हा गडी फळीवरचं निळं पुस्तक उचलून म्हणतो, "आमची पोरगी सत्यशीला आठवीत हाय, तिला नेऊ का? मेंढरांचं बी आसंल ह्यात." म्हटलं ने बाबा, ने!

पण मी पडलो व्यापारी. सरळ रस्ता दिसला की आधी आडरस्ता शोधणार. पोराला फोन करायचा म्हणजे… नको. म्हटलं, कुत्र्याला आकडाच पाहिजे ना? आकडा भरून देऊ! तात्यासाहेबांना गाठलं. सत्यमचा शर्ट घातला त्यांना, पोटावर दोन बटणं लागेनात, लावली ओढून. सत्यमच्या गाडीवर बसवलं अन् सांगितलं, दिवेलागणीला फाटकातून आत या, दुसरं काही करू नका. "काकासाहेब, साठीत मला पोरगं बनवताय व्हय!" म्हणत आले बिचारे. पैलवान उठला! शेपटी हलली! आशाबाई दारात, श्रेया दारात. त्यानं शर्ट हुंगला. मग शर्टाच्या आतले तात्यासाहेब हुंगले. अन् माझ्याकडं असं बघितलं, असं बघितलं, जसं मी गल्ल्यात खोटी नोट टाकणाऱ्याकडं बघतो. गेला फाटकाशी.

श्रेया रडायला लागली. आशाबाईंनी फोन आणला अन् माझ्या मांडीवर ठेवला.

लावला. काय करता? तिकडून आवाज आला, "पप्पा? तुम्ही फोन केला?"

म्हटलं, "मी नाही केला. पैलवानानं केला समज. तू त्याला न सांगता गेलास. तो जेवत नाही."

तर म्हणतो, "अन् तुम्ही?"

"मी जेवतो की! मालकानं आधी जेवायचं, पुस्तकात लिहिलंय!"

शनिवारी आला. पैलवानानं काय केलं असेल? उड्या मारल्या असतील? छे! तीन पायांवर उभा राहून पाच मिनिटं त्याच्यावर भुंकला. जे मी बोलायला पाहिजे होतं ते सगळं बोलून घेतलं. मग त्याला डोक्यापासून पायापर्यंत हुंगलं, वळला, अन् आशाबाईंनी कुस्करून ठेवलेली दूधभाकर चाटूनपुसून साफ! आम्ही चौघं त्याच्याभोवती उभे राहून बघतोय, जसा काही आमच्या घरी जावईच जेवायला बसलाय.

अन् रविवारी निरोप. मुंजाबाच्या रीतीनं, सगळ्यांदेखत. क्रांती चौकातून पुण्याची गाडी. रिक्षावाला म्हणतो, "चाचा, कुत्ते कू नीचे बिठाओ, सीट नवी है." बसवला खाली. चौकात सत्यमनं खाली बसून त्याला बॅग हुंगू दिली, हात हुंगू दिले, बूट हुंगू दिले. मग उठून माझ्या पाया पडला. म्हटलं, "घुंगरं विकू नको, पण येत जा." गाडी निघाली. पैलवान बघत राहिला. गाडी वळली, दिसेनाशी झाली. त्यानं एकदा नाक वर केलं, अन् दोरी घराकडं ओढायला लागला. संपलं. नोंद झाली त्याची. संध्याकाळी आशाबाई, श्रेया, मी, तिघं आत आलो अन् गडी दोन भाकरी खाऊन पसरला.

तेव्हा पिल्लू आणा. पुस्तकं सहा आहेत, न्या, वाचा, परत नाही आणलीत तरी चालतील. फक्त एवढं करा. घरात माणसं किती, कोण आलं, कोण गेलं, अन् कसं गेलं, त्याचा हिशोब इमानदारीनं ठेवा. कारण पैलवान आता तीन मोजतो अन् जेवतो. मी रोज ताटावर बसतो, बघतो, अन् माझे काही केल्या चारच होतात. आशाबाई म्हणतात, "अहो, गेला तो, तुमच्यासमोर गेला, जेवा आता." मी हो म्हणतो अन् भाकर कुस्करत बसतो. म्हणून हात जोडून सांगतो, तुम्ही तरी हिशोब खरा ठेवा. आमच्या घरात तो फक्त कुत्र्याला जमतो.