सासूच्या हातचं वाण

न्हाई गं बाई, तो डबा वर न्हाई ठिवायचा, सीटखालीबी न्हाई — मांडीवर हाय तितंच बरा हाय त्यो. तुझी ब्याग तेवढी सरकव. आन बस की, खिडकीपाशी बसलीस म्हनून मी काय खानार न्हाई तुला. लोअर माझं हाय, पन दिवसा त्याच्यावर तिघांनी बसायचं असतं, एवढा कायदा मला ठावं हाय — त्या म्होरच्या बाबाला न्हाई. बघ की त्याच्याकडं! नगरला चढला, चढल्या चढल्या मधला बर्थ वर वढला, साखळी अडकवली आन पसरला. भर दुपारी! खाली ती म्हातारी मान मोडून बसलीय, तिची लाज न्हाई. मी म्हनलं, भाऊ, हे रातीचं काम हाय, उतर खाली. तर म्हनतो, मावशी, रात्रपाळी करून आलोय. झोपनारा मानूस मोबाईलवर बायांचे नाच बघतो व्हय? आन आवाज तरी बारीक कर ना बाबा, साऱ्या बोगीला दाखवाय निघालाय.

तुला सांगते पोरी, मानसाची लायकी बघायची आसंल ना, तर त्याला स्लीपरच्या बोगीत बसवावं. घरी सगळेच शहाने असत्यात. हितं चढला की बूट काढून पंख्यावर ठिवतो. पंख्यावर! वारा कुनाला, वास कुनाला. ती पलीकडची, चार ब्यागा साखळीनं बांधल्यात आन कुलूप लावून किल्ली गळ्यात घातलीय — मगापासून माझ्याकडं आशी बघतीय जशी मीच नेनार हाय तिच्या ब्यागा. आगं, तुझ्या पोरांचे मळके कपडे घिऊन मी करू काय? आन हे लोअर मागनारे! नगर सुटून वांबोरी आली न्हाई तंवर तिघांनी इचारलं, मावशी, जरा लोअर देता का, माझी कंबर दुखती, माझी बायको घाबरती, माझा बाप चढत न्हाई. मग माझे गुडघे काय भाड्यानं आनलेत? तुझा बाप चढत न्हाई तर ह्या वयात त्याला हिंडवतोस कशाला? टीसी आला, त्यानं मोबाईलमदी बघून वरडून इचारलं, बनुबाई कोन? मी म्हनलं, मी बनुबाई, लोअर, आन लोअरच ऱ्हानार. हासला मेला. हासू दे.

चहा? घेऊ नको. मी सांगते, घेऊ नको. ह्या गाडीतला चहा म्हंजी भांडी इसळलेलं पानी. आमचे हे घ्यायचे. प्रत्येक टेसनाला एक. मी म्हनायची, आहो पैसं टाकून वकारी कशाला घेताय, तर म्हनायचे, बने, गाडीत चहा चवीसाठी पीत न्हाईत, गाडीत बसलोय हे कळावं म्हनून पित्यात. आता घ्या! आसलं डोस्कं. पन संगं आसले की लोअर कुनी मागायची छाती न्हाई हुयाची. मिशाच आशा हुत्या.

डब्यात? डब्यात धोंडे. आगं, तू भिंगारची ना, मग धोंडा ठावं न्हाई? मिल्ट्रीच्या क्वार्टरमदी वाढलीस, बरोबर हाय. अधिक महिना गं. तीन वर्सांनी येतो. औंदा जेठ दोनदा आलाय. ह्या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलवायचं, जावई म्हंजी नारायन, लेक म्हंजी लक्षुमी, पाटावर बसवायचं, पुरनाचे धोंडे खाऊ घालायचे, आन तेहतीस अनारशाचं वाण दिवा लावून हातात द्यायचं. कपडे करायचे. हे सासूचं काम हाय. सासूचं! मी काल दिसभर चुलीपाशी हुते. पुरन लई शिजवलं न्हाई, घट्ट ठिवलं, तळून काढले, म्हंजी उद्यापस्तोर टिकत्यात. खाली अनारसे हायत, मधी केळीचं पान. माझ्या अनारशाला जाळी पडती बघ. आमच्या पाथर्डीच्या पट्ट्यात आशी जाळी कुनाच्या अनारशाला पडत न्हाई, मोनिकाच्याला तर पापडच हुतो. मोनिका म्हंजी माझी सून. नाव लई मोठं, हात आखडा.

व्हय, जावयानं यायचं असतं, तुझं बरोबर हाय. सासू वाण घिऊन जावयाच्या दारात गेल्याचं मी तरी आजपस्तोर आयकलं न्हाई. पन ज्ञानेश्वर फौजेत, झाशीला हाय, रजा न्हाई मिळाली. मिळाली न्हाई म्हंजी — मिळाली आसती. आठ दिसाची मिळत हुती. पन मग मोनिकानं सुकन्याला फोन केला, सुकन्या माझी लेक, आन काय बोलली कुनास ठावं, रजा रद्द. काय बोलली ते मला ठावं हाय म्हना. भिंतीच्या ह्या अंगाला मी शेंगा फोडीत हुते. म्हनली, ताई, तुमी या, पन वाण आमी जोडीनं देऊ, मी आन हे. हे म्हंजी माझा अमृत. म्हनली, आईंनी पाटाम्होरं बसायला नको, लोक नावं ठिवतील, त्येंचं आता — तसं हाय ना.

तसं हाय ना! पदरात शेंगा तशाच ऱ्हायल्या. आगं, तीस वर्सं ज्या चुलीवर मी सन केले तिच्या म्होरं बसून ती मला तसं हाय म्हनती. आमच्या ग्रामपंचायतीनं ठराव केलाय, इधवा प्रथा बंद, हळदी-कुंकवाला सगळ्यांना बोलवायचं, मोठा बोर्ड रंगवलाय हापिसाच्या भिंतीवर. त्या सभेला हीच मोनिका टाळ्या वाजवत हुती, मोबाईलवर फोटो टाकला हुता. बोर्ड भिंतीवर, आन घरात काय? घरात आईंनी आत बसावं. आन अमृत? तो खाली मान घालून भाकर खात हुता. त्याला मी इचारलं, तू काय म्हनतो? म्हनतो, आई, तुला तरी कशाला एवढं पुढं-पुढं करायचंय. माझा ल्योक! बापाच्या मिशा याच्या वाट्याला आल्याच न्हाईत.

मग? मग काय, बसले आसते व्हय आत? पाथर्डीत झेराक्सच्या दुकानात गेले, त्या पोऱ्याला म्हनलं झाशीचं तिकीट काढ, लोअर काढ. सकाळी ही दोघं एका बारशाला गेली, मी डबा घेतला, जीपमदी बसले, नगरला उतरले. सांगितलं कुनाला न्हाई. कशाला सांगायचं? मी काय पळून चाल्लेय? लेकीकडं चाल्लेय.

काय बघती कपाळाकडं? मगाधरनं बघतीस. टिकली हाय. मोठी हाय, व्हय, टेसनाबाहेर तशीच मिळाली. नगरच्या टेसनावर बायांच्या खोलीत आरसा हाय ना, तितं लावली. त्येंना जाऊन आता दीड वरीस झालं, मार्गशिर्षाच्या आधी गेले, तवापासनं कपाळ उघडं हुतं. आन सांगू का, ह्या बोगीत येवढी घान मानसं भरलीत, एकाला रीत न्हाई, एकाला लाज न्हाई — पन एकानंबी इचारलं न्हाई की बाई तुझा नवरा कुठाय. लोअर देता का, येवढंच इचारलं. — तू रडवेली हू नको. मी सांगतेय म्हनून रडायचं काय त्यात? मला आसली रडवी पोरं आवडत न्हाईत.

माझी सुकन्या रडत न्हाई. आई न्हाई तर वाणबी न्हाई, म्हनूनच तिनं रजा रद्द करवली आसंल. ती माझ्यावर गेलीय. शाळेत मास्तरनं एकदा उगाच पट्टी मारली तर ती पट्टीच मोडून आली हुती. ती बघ म्हनंल मोनिकाला काय म्हनायचं ते. ती दारात मला बघंल, म्हनंल, आई, तू आलीस व्हय, आन पहिला पाट मला मांडंल. म्हनून तर न सांगता चाल्लेय. सांगून गेलं की लोक इचार करत्यात, दारात उभं ऱ्हायलं की आपलं मानूस मिठीच मारतं. तिची सासू हाय सध्या तिकडं, ऱ्हायला आलीय, ती जरा नाक मुरडंल. मुरडू दे. लई सोवळी बाई हाय. पन फौजेच्या क्वार्टरमदी कुठलं आलंय सोवळं, संडास-मोरी एकच.

बघ, हा ऊस बघ बाहेर. राहुरी गेली वाटतं. ह्यांच्या उसाला आमची मानसं कोयते घिऊन येत्यात, आन ह्यांच्या बाया आमच्या बायांना कपातून पानी देत न्हाईत, वरून वततात. म्हंजी तसलं सगळं मला नवीन न्हाई. मी ऊस तोडलाय की. चार वर्सं. मग आमच्या ह्यांनी हीर पाडली, पानी लागलं, आन मी घरच्या वावरात आले. म्हनून सांगते, मला आत बसवायची कुनी...

फोन वाजतोय, वाजू दे. अमृतचा आसंल. धा वेळा येऊन गेला. आता बारसं संपलं आसंल, घरी येऊन बघितलं आसंल, आई न्हाई, डबा न्हाई. आता आठवली आई! कोन हाय बघ गं, मला चष्म्याबिगर दिसत न्हाई. — ज्ञानेश्वर? जावई? आन इकडं, आन लवकर.

हॅलो! हां, बोला जावईबापू. मीच. — व्हय, गाडीतच हाय. अमृतनं केला व्हय फोन? त्याला बसवत न्हाई. — न्हाई न्हाई, तब्बेत बरी हाय माझी. लोअर हाय. जेवन हाय संगं. — उद्या, व्हय. तुमी कशाला येता टेसनावर, तुमची ड्युटी आसंल, मी रिक्षा करीन, पत्ता हाय माझ्यापाशी. — हां. — हां, गर्दी आसती, ठावं हाय. — कुठं? फलाटावर? न्हाई, डबा जड न्हाई, मी आनते की घरी. — फलाटावरच देऊन टाकू म्हंजी? — आन मी? — तशीच परतीच्या गाडीनं. तुमी तिकीट काढून ठिवता. हां. — न्हाई, तुमचं बरोबर हाय, तुमच्या आई हायत घरी. त्येंच्या मनाला... हां. — पाया पडाल तितंच, व्हय, पडा की. — थांबा. मागं कोन बोलतंय? न्हाई, कुनीतरी बोलतंय. तुमाला सांगतंय कुनीतरी. बोलू द्या तिला, आयकू येतंय मला. — हां. — हां. आयकलं. ठिवते.

रेंज गेली. ह्या पट्ट्यात रेंज जातीच.

न्हाई गेली रेंज. मीच बंद केला. कशाला खोटं बोलू, तू बाजूलाच बसलीस. जावई बिचारा चाचरत हुता. मागून ती सांगत हुती त्याला, हळू आवाजात, पन मी तिचा आवाज वळखायची न्हाई व्हय? घरी नका बोलवू म्हना. फलाटावरच घ्या म्हना. आत्याबाईंम्होरं नको, तिला आता तसं चालत न्हाई, कळत कसं न्हाई तिला. — आत्याबाई म्हंजी तिची सासू, आन तिला म्हंजी मला. माझी सुकन्या बोलली ही. मोनिकाबी तोंडावर न्हाई बोलली, भिंतीआडून बोलली, पन ती परक्याची लेक. ही माझी.

फलाटावर वाण! पेप्रात गुंडाळलेला वडापाव देत्यात तसं. नारायन परतीचं तिकीट घिऊन उभा, लक्षुमी घरी सासूजवळ भाजी निवडनार, आन मी त्या गर्दीत दिवा लावायचा का त्यो? पंख्यावर बूट ठिवनारा हा बाबा बरा की गं. ह्याला लाज न्हाई, पन ह्यानं मला येऊ नको तरी म्हनलं न्हाई.

उतरनार का? इचारतीस काय, उतरनार. पन फलाटावर हा डबा न्हाई सुटनार. आला तर जावयाला म्हननार, चला बापू, म्होरं व्हा, घर दाखवा. न्हाई आला तर रिक्षा. तिच्या दारात उभी ऱ्हाईन, तिच्या सासूच्या म्होरं, ही टिकली लावून, आन म्हनीन, सुकन्ये, घ्यायचं न्हाई ना माझ्या हातचं, तर तूच म्हन. नवऱ्याच्या मागून न्हाई. माझ्या तोंडाकडं बघून म्हन, आई, तू आत येऊ नको. येवढं म्हनली की मी उलट्या पावली परत. मग कुनाला काय चालतं न् काय न्हाई ते मी पुन्यांदा इचारनार न्हाई.

म्हननार न्हाई? तुला काय ठावं! तुझं वय काय, तू बोलती काय. म्हनंल ती. म्हनंलबी.

ऊठ. ऊठ म्हनते ना. वरचा बर्थ तुझा हाय, जा, तितं जाऊन बस. न्हाई, पानी नको मला. मला खिडकी पायजे आता, आन माझ्याशी कुनी बोलायचं न्हाई.