चिंचेखालची जागा

...आणि मी म्हणते, जायचं तर जा, पण टोपली कशाला न्यायची? शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला, सगळं मान्य, पण टोपली? तुम्हाला सांगते, आमच्या द्वारकाआत्याने त्या दिवशी नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. पण नाही म्हणेल ती आत्या कसली.

नवरा गेल्यावर आत्या निर्मळला आमच्याकडे परत आली, तेव्हापासून वाडीतली फुलं घेऊन पहिल्या एसटीने वसईच्या बाजारात जाते. तिची जागा बाजाराच्या तोंडाशी, चिंचेखाली. सावली आहे, चिखल नाही, आणि आत शिरणारा प्रत्येक माणूस आधी तिलाच दिसतो... अशी जागा कुणी सोडतं का? आता आमच्या बाजारात जागेला पावती नसते, टोपली असते. ज्या दिवशी यायचं नाही, त्याच्या आदल्या संध्याकाळी आपली टोपली जागेवर पालथी घालायची, वर दगड ठेवायचा, की झालं. बाळंतपण असो, सुतक असो, पालथ्या टोपलीला सगळा बाजार मानतो. पण नुसती जमीन दिसली, तर जी आधी बसेल तिची, कायमची. हे आत्याला ठाऊक नव्हतं का? सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

तर कॉलेजातून ती चंद्रकांता आली. खांद्याला शबनम, डोळ्यांवर केवढा तरी चष्मा. म्हणाली, "मावशी, महिला दिनाला तुमचा सत्कार करायचाय. स्त्रियांना आर्थिक न्याय, हा विषय आहे."

"मग मी काय करायचं?"

"काही नाही, बसायचं. फक्त ही टोपली घेऊन या. स्टेजवर छान दिसेल."

"घरी दुसरी आहे, नवी. ती आणू का?"

"नको नको, हीच. हिच्यावर श्रम दिसतात."

आत्याने टोपलीकडे पाहिलं. तिला त्यात काथ्याने बांधलेली भोकं दिसत होती, श्रम कुठे दिसतात ते कळेना. इथे, अगदी इथे नाही म्हणायचं होतं. निदान ती नवी टोपली तरी चिंचेखाली पालथी घालायची. पण आत्या म्हणाली, जुनी टोपली बाजार ओळखतो, नवीला कोण विचारतो? आणि एका सकाळपुरतं माझ्या जागेवर कोण बसतंय?

मी गेले होते बरोबर, मागच्या खुर्चीत बसून सगळं पाहिलं. पाहुण्या उशिरा आल्या, आत्या मांडीवर टोपली घेऊन बसलेली, टोपलीतला मोगरा मान टाकायला लागलेला, आणि भाषणात 'शोषण' शब्द आला की आत्या मान हलवायची, कारण शेजारच्या बाई हलवत होत्या. मग तिला माइकसमोर उभं केलं. चंद्रकांताने एक वाक्य पाठ करून घेतलं होतं: "भगिनींनो, बाजारात या, आम्ही तुम्हाला जागा देऊ." आत्याने ते न चुकता म्हटलं. टाळ्या पडल्या. तिथे थांबायचं ना... पण तिच्या आयुष्यात तिच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या होत्या? ती फुलली आणि म्हणाली, "आम्ही कशाला, मीच देईन. चिंचेखाली माझी जागा आहे, जिला नड असेल तिने खुशाल बसावं." पुन्हा टाळ्या. म्हणून तिने ते पुन्हा म्हटलं.

आणि कॉलेज बाजाराला लागूनच, भोंग्याचं तोंड होतं बाजाराकडे. जनतेपर्यंत पोहोचायला हवं, म्हणून चंद्रकांतानेच फिरवून घेतलं होतं. पोहोचलं.

बाजारात पाचूबंदरची रेजिना उभी होती. नवऱ्याने दारूपायी होडी घालवली, मग मासळी कुठली, म्हणून ती सुकेळी विकायला आली होती, आपली वाळवलेली केळी हो. सकाळपासून जिथे बसेल तिथून बायका उठवत होत्या, इथे नको गं, पुढे सरक गं. तेवढ्यात भोंगा बोलला. तिने चिंचेखाली पाहिलं. टोपली नाही, दगड नाही. बसली.

आत्या शाल पांघरून आली तर ही समोर.

"ऊठ गं बाय, माझी जागा आहे."

"तूच बोललीस ना द्वारकाबाय, भोंग्यातनं. म्हनून बसली."

"अगं, ते भाषण होतं."

"मना काय ठावं, भाषन कुठला नि बोलनं कुठला."

शेजारची अंडीवाली म्हणाली, "आम्ही पन आयकला. दोनदा बोललीस."

आत्या भांडू शकली असती. आमची आत्या भांडायला कमी नाही, पण सगळा बाजार तराजू खाली ठेवून तिच्याकडे बघत होता, आणि रेजिनाने एका हाताने टोपली धरून दुसऱ्या हाताने जरा जागा केली, म्हणाली, "ये, तू पन बस." तिथे दोन टोपल्या मावत नाहीत हो. आत्याने शालीची घडी घातली आणि म्हणाली, "बस. तूच बस."

आता ती अगदी मागे बसते, गटाराशी, सुक्या बोंबलांच्या ओळीत. देवळातले गुरव रोजचे हार घ्यायचे, त्यांनी हार हुंगला आणि परत ठेवला. रात्री आत्या आईला विचारते, "वहिनी, मी नाही म्हणायला हवं होतं ना?" आई दिवा बारीक करते.

परवा चंद्रकांता आली, नाकाला पदर लावून, बोंबलांतून वाट काढत. तिला कुणीतरी रेजिनाचं सांगितलं होतं, केवढी आनंदली होती. म्हणाली, "मावशी, बघा, आपल्या कार्यक्रमामुळे न्याय मिळाला की नाही?"

आत्याने हारावर पाणी शिंपडलं आणि मानेनेच पुढे दाखवलं.

"मिळाला ना. तो काय, तिथे चिंचेखाली बसलाय."