थंडीची आजी

नाही नाही, आधी खा – बॅगा वरदराव नेतील वर, माझ्या उतरवल्या की तुमच्या चढवतील, घाई काय आहे – टॅक्सी यायला अजून अर्धा तास आहे, तेवढं विहिणींनी बसावं की समोरासमोर. घ्या विहीणबाई. डाळिंब आहे, मीच सोललंय. आणि सहा दाण्यांवर थांबू नका हं, मुद्दाम सांगतेय. का म्हणजे? तनूने सांगितलं नाही तुम्हाला? सांगेल, शाळेतनं येऊ दे. मला सकाळीच टाटा करून गेली. तर त्यांच्या वर्गात ग्रीक लोकांच्या गोष्टी चालल्यात – पर्सेफनी म्हणून एक मुलगी, तिला पाताळाचा राजा पळवतो, आई वर रडत बसते, इतकी की झाडं सुकतात, बर्फ पडतो – आणि पोरीने पाताळात डाळिंबाचे सहा दाणे खाल्लेले असतात, म्हणून सहा महिने तिथे राहायचं, सहा महिने आईकडे. झालं. ही घरी येऊन म्हणते, आजी, दॅट्स यू. म्हटलं मी कशी, पळवली असेल तर तुझ्या आईला – तुमच्या वरदरावांना काही म्हणत नाहीये हो, गोष्टीपुरतं बोलतेय.

पण तिचा हिशोबच वेगळा. आपल्या दोघींचा व्हिसा सहा-सहा महिन्यांचा, हो की नाही? तुम्ही एप्रिलात येता – बागेत फुलं, बार्बेक्यू, तिचा वाढदिवस. मी ऑक्टोबरात – पानं गळतात, चार वाजता काळोख, घर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडतो. म्हणजे हे सगळं मीच आणते. तिने चित्र काढलंय – तुम्ही फुलांचा मुकुट घालून, मी कानटोपीत, खाली क्वीन ऑफ द अंडरवर्ल्ड. लावलंय वर्गात. पेरेंट्स इव्हिनिंगला गेले तर तिच्या बाईंनी माझा हात हातात घेऊन विचारलं, आर यू हॅपी देअर? म्हटलं, व्हेरी हॅपी. काय सांगणार?

खोटं बोलले मी. आठ वर्षं येतेय लेस्टरला, लेकीची बाग कधी हिरवी बघितली नाही. आता कुठे ट्युलिप्स डोकं काढतायत आणि मी निघाले. मुलाची आई म्हणून उन्हाळा तुमचा – कोणी ठरवलं? कोणीच नाही. देवयानी म्हणाली, सासूबाईंना थंडी सोसत नाही गं. आणि मला सोसते? म्हणून म्हणतेय, चांगले बारा दाणे खा, म्हणजे थंडीही तुमचीच, मग उन्हाळ्यात कोणाला बोलावतील, मलाच ना – कळतंय हो मला, वेड्यासारखं बोलतेय. गेल्या महिन्यात बाथरूमला कडी लावून आख्खं डाळिंब खाल्लं मी. एकसष्ट वर्षांची बाई. मला पुण्याला परत जायचंच नव्हतं. आता स्पष्टच विचारते – पुढच्या वर्षी उन्हाळा मला द्याल?

द्याल? अशा लगेच? – काय म्हणता, रात्री नऊपर्यंत उजेड, तोवर ती बाहेरच? आणि जेवायला? ताट खिडकीतनं देता? तरीच. मी पुण्याहून कॉलिंग कार्ड लावून फोन करते तर कायम बाहेर आहे, बाहेर आहे. म्हणजे तुमच्याजवळ बसतच नाही? असं कसं हो. माझ्याकडे तर साडेतीनला आली की बूट भिरकावते आणि थेट माझ्या शालीत. बाहेर जायची सोयच नसते ना. गार पाय माझ्या पोटऱ्यांना लावून ठेवते, आणि मग कोण रडलं, कोणी कोणाला ढकललं, सगळं सांगत बसते – देवयानी सहाला येईपर्यंत आम्ही दोघीच. रोज.

असं काय बघताय? नाही, नाही, थंडीचं मनात आणू नका. तुम्हाला झेपायची नाही. गुडघे बघा तुमचे. मी आपलं सहज म्हटलं, शेवटी उन्हाळा हा तुमचा मान आहे, तो मी कशी घेईन? आणा ती वाटी इकडे. पुरे झालं. किती खाल्लेत? मोजायचं नाही का हो माणसाने?

टॅक्सी आली वाटतं. वरदराव, या खाली. दोन ऑक्टोबरला येते मी, विहीणबाई. तुम्ही एक तारखेला निघा.