नऊ दिवसांचं वचन

(द्वारका चौकामागच्या वसाहतीतलं लहान चर्च. रविवार, सकाळचे साडेसात. अंगणातल्या हौदात नळीने पाणी सोडलेलं.)

रविराज : ...आणि मग ते ऊन शेजारच्या टाकीवरून घसरत आपल्या पत्र्यावर येतं. तिथे थोडं रेंगाळतं, पुढे जावं की नाही हे ठरत नसल्यासारखं. नंतर भिंतीवर उतरतं. रंगाच्या प्रत्येक पोपड्याला तेवढ्यापुरती एक बारीक सावली मिळते. मग सतरंज्या, देवराममामांची सायकल, आणि अगदी शेवटी फाटकाजवळचा हा फळा. रोज असंच. त्यात विशेष काही नाही. तरी मी पाहत राहतो.

चिमणाबाई : पाह्य बाबा. मी कवाची इचारते, आज माझा हात धरून हौदात उतरशील का, आन तू मला ऊन दाखवतो.

देवराम : दाखवू द्या हो. पाणी गारढोण आहे. पहिल्या पायरीवरच ऊन-बिन सगळं विसरेल तो.

चिमणाबाई : देवरामभाऊ, तुमी नळीकडं बघा. चपला भिजल्या तुमच्या.

रविराज : मावशी, मंडळीत इतकी मोठी माणसं आहेत. बाप्तिस्म्याला साक्षीदार म्हणून मीच का?

देवराम : आता घ्या! सगळ्या मंडळीला सांगून झालं, आणि ज्याने केलं त्यालाच पत्ता नाही.

रविराज : मी काय केलं?

चिमणाबाई : सांगते. सहा वर्सं मी मागच्या सतरंजीवर बसते. पाळक दर साली इचारायचे, चिमणाबाई, बाप्तिस्मा कधी? मी म्हनायची, गावाकडं भात लावून येते, मग घेते. भात झाला की द्राक्षाची छाटनी. छाटनी झाली की होस्टेलातला सयपाक. असं चाललं व्हतं.

देवराम : पाळकांनी विचारणंच सोडलं होतं.

चिमणाबाई : तुमी मधी बोलू नका. रविराज, मंडळीतल्या मीनाताईनं मला अक्षरं शिकवली ना, तवापासून माझी एक रीत हाय. सकाळी कामाला जाताना तुझा फळा वाचायचा आन होस्टेलची पायरी येईस्तोवर वचन पाठ करायचं. मागल्या म्हैन्यात ते आलं. जे ऐकलं त्याला घट धर, नायतर वाहून जाशील, असं. दुसऱ्या दिशी तेच. तिसऱ्या दिशी तेच. नऊ दिस, पोरा!

रविराज : नऊ दिवस?

चिमणाबाई : आमच्या गावाकडं, पेठला, नदीला लोंढा आला की मानूस लगेच बुडत नाय. कडंचं झाड लांब जायला लागतं, तवा कळतं. नवव्या दिशी मी फाटकात उभी राहून रडले. म्हनलं, एवढं लिहून घेतोय देव या पोराकडनं, आता तरी ऐक.

रविराज : मावशी, माझ्याकडून कोणी काही लिहून घेतलं नाही.

देवराम : म्हणजे? मला वाटलं, पाळकांनी मुद्दाम ठेवायला सांगितलं असेल.

रविराज : नाही. सकाळी कंपनीची बस गाठायची असते. ओल्या फडक्याने वरचा कोपरा पुसायचा, नवी तारीख घालायची आणि निघायचं. पहिल्या दिवशी अक्षर बरं आलं होतं, म्हणून खालचं राहू दिलं. पुढे तिथे काही लिहिलेलं आहे हेच माझ्या ध्यानात राहिलं नाही. नऊ दिवस मी फक्त तारीख बदलत होतो. स्वतः लिहिलेलं वचन मी एकदाही वाचलं नव्हतं.

देवराम : वा रे साक्षीदार! आळस तुझा आणि बाप्तिस्मा हिचा.

चिमणाबाई : म्हंजे... मला कोनी हाक मारलीच नाय?

रविराज : मला कळत नाही, मावशी. खरंच कळत नाही. तुम्ही जे वाचलंत ते खोटं नव्हतं. ते माझं मात्र नव्हतं.

चिमणाबाई : लखननं किती ऐकवलं मला. म्हनला, आये, या वयात लोकं काय म्हनतील? त्याला मी नऊ दिसांचं सांगून बसले.

देवराम : चिमणाबाई, पाणी चालू ठेवू का बंद करू? काय ते बोला.

चिमणाबाई : चालू ऱ्हाऊ द्या. भरू द्या हौद. यानं वाचलं नाय, मी तर वाचलं? नऊ येळा वाचलं. पुरं झालं.

रविराज : मग मीनाताईंचा हात धरा. मी सतरंज्या घालतो.

चिमणाबाई : का? फळ्याचं झालं, मी सोडून दिलं.

देवराम : अरे, अवघड काय आहे? आपल्या मंडळीची रीतच आहे. पाण्यात उतरायच्या आधी पाळक साक्षीदाराला विचारतात, तू स्वतः विश्वासात टिकून आहेस का? मोठ्याने हो म्हणायचं. मी तीनदा म्हटलंय.

रविराज : हो मलाही म्हणता येईल, मामा. त्याचंच भय वाटतं. आवाज कापणारसुद्धा नाही.

चिमणाबाई : काय झालंय तुला? कोनी दुखावलं का मंडळीत?

रविराज : कोणीही नाही. कोणाशी भांडण नाही, मनात मोठी शंका नाही. मी एकही रविवार चुकवलेला नाही. गाणी तोंडपाठ आहेत. काही तुटल्याचा आवाज झाला असता, तर निदान तिथून मागे वळता आलं असतं. मी शोधतो, पण ती जागाच सापडत नाही.

देवराम : कामाचा ताण असतो रे. तरुण वय आहे, होतं असं.

रविराज : मीही स्वतःला तेच सांगत आलो.

चिमणाबाई : देवरामभाऊ, जरा गप बसा. रविराज, आज घरनं निघताना काय मागितलं देवाकडं?

रविराज : आज घाईत निघालो.

चिमणाबाई : काल?

रविराज : काल दुसरी पाळी होती.

चिमणाबाई : आन त्याच्या आदी?

रविराज : मावशी, पाळक आले. तुम्ही कपडे बदलून घ्या.

चिमणाबाई : येऊ दे त्यांना. हे बघ, मला पान्याची भीती वाटते, लय वाटते. कोनाचा तरी हात लागंल. पन खोटं बोलून माझा हात धरू नको.

देवराम : रविराज, पाळक इकडेच येतायत. काय सांगू त्यांना?

रविराज : मी प्रार्थना करत नाही, मामा. वर्ष होऊन गेलं.